प्रोमिथिअस-ग्राफाना: सोलापूरचा एक उन्हाळा काढल्यावर

प्रोमिथिअस सर्व्हरवरचे आकडे ठराविक वेळाने गोळा करून साठवतो, ग्राफाना त्यांचे आलेख दाखवतो. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या सुमारास ही नजर ठेवणारी जोडी बसवली, आता पाऊस लागलाय. मधला सगळा उन्हाळा हिने पाहिला, त्यामुळे लिहायला हरकत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला लागून आमची सर्व्हरची खोली आहे. दोन रॅक, डझनभर मशीन. डेटा सेंटर म्हणणं जरा जास्तच होईल, पण ईआरपी (कारखान्याच्या सगळ्या कारभाराचं सॉफ्टवेअर), टॅली, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सगळं इथंच.

ज्याच्यासाठी बसवलं तो सीपीयूचा आलेख मी आता सगळ्यात कमी बघतो.

आधी तापमानाचं सांगतो, कारण आपल्या गावात खरी गोष्ट तीच. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी अॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीच्या वर, आणि दुपारी फीडर गेला, म्हणजे वीज गेली, की यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात, एसी मात्र जनरेटर सुरू होईपर्यंत बंद. तेवढ्यात खोली तापते. प्रोसेसर फार गरम झाला की स्वतःच वेग कमी करतो. मग तेच काम करायला त्याला जास्त वेळ लागतो आणि वापराची टक्केवारी चढते. नुसती टक्केवारी बघणारा म्हणेल, लोड वाढला, नवा सर्व्हर घ्या. शेजारी तापमान आणि प्रोसेसरचा वेग (क्लॉक स्पीड) असे दोन आलेख ठेवले की खरं कारण कळतं. नोड एक्स्पोर्टर, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसून प्रोमिथिअसला आकडे पुरवणारा छोटा प्रोग्राम, हे दोन्ही आकडे देतो. आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि पंख्यांचे फेरे यांसाठी आयपीएमआय (सर्व्हरच्या हार्डवेअरवर नजर ठेवायची सोय) वाचणारा एक्स्पोर्टर वेगळा लावावा लागतो.

पंख्यांचे फेरे हा तर माझा आवडता आलेख. लूमवरून उडणारे कापसाचे तंतू कितीही दारं लावा, आत येतातच आणि सर्व्हरच्या तोंडाच्या जाळीवर बसतात. हवा अडली की तापमान आधी वाढत नाही, पंखे आधी जोरात फिरू लागतात. फेऱ्यांची रेघ आठवडाभर हळूहळू वर सरकत असेल तर जाळी साफ करायची वेळ झाली. कारखान्याशेजारी सर्व्हर ठेवणाऱ्यांनी एवढा एक अलर्ट, म्हणजे आपोआप येणारा इशारा, तरी लावाच.

मेमरीबद्दल थोडक्यात. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशसाठी वापरतो, म्हणून ‘फ्री’चा आकडा कायम भीतिदायक दिसतो. बघायचा तो ‘अव्हेलेबल’. लोड अॅव्हरेजचंही, म्हणजे चालू असलेल्या आणि खोळंबलेल्या कामांच्या सरासरी संख्येचंही, तसंच. सीपीयू निवांत आणि लोड चाळीस, असं आमच्याकडे बॅकअपच्या वेळी दिसायचं. डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही लिनक्स त्या आकड्यात धरतो. ईआरपी महिनाअखेरीला रेंगाळायचं त्याचं मूळ तिथंच निघालं: रात्रीचा बॅकअप लांबून सकाळच्या रिपोर्टांवर चढत होता. बॅकअपची वेळ अलीकडे घेतली, एक जुनी डिस्क बदलून एसएसडी टाकली. नव्या सर्व्हरचं कोटेशन फायलीतच राहिलं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सगळं कॉन्फिगरेशन यामल फायलीत, म्हणजे जिथं ओळीआधीच्या स्पेसलाही अर्थ असतो अशा साध्या मजकुराच्या फायलीत. एक स्पेस चुकली की सर्व्हिस उठत नाही. सवय होते, आवड होत नाही. डेटा मुळात पंधराच दिवस टिकतो. ही मुदत पहिल्याच दिवशी वर्षाची करा, नाहीतर पुढचा मे या मेशी ताडून बघता येणार नाही. जागा फार लागत नाही. एका नोंदीला साधारण एक-दोन बाइट. दर पंधरा सेकंदांनी वाचन आणि मशीनमागे हजारेक मालिका (मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची एक) धरल्या, तर डझनभर मशीनचं दिवसाला शंभरेक एमबी होतं.

अलर्ट तयार नियमावलीतून घाऊक उचलू नका. डिस्क ८० टक्के भरली हा अलर्ट कॅमेऱ्यांच्या सर्व्हरवर रोजच ओरडतो, आणि मग टेलिग्रामवर खरा निरोप आला तरी कोणी बघत नाही. त्याऐवजी प्रेडिक्ट लिनिअर हे आतापर्यंतच्या वेगावरून पुढचा अंदाज बांधणारं प्रोमिथिअसचं फंक्शन वापरून ‘याच वेगाने चार दिवसांत भरेल’ असा नियम लावला. तो क्वचित वाजतो आणि वाजला की उठावं लागतं.

आणि वीज पूर्ण गेली, प्रोमिथिअसही बंद पडला, तर निरोप पाठवणार कोण? म्हणून एक अलर्ट सतत चालू ठेवून बाहेरच्या सेवेकडे पाठवायचा. तो येणं थांबलं की बाहेरून फोन वाजतो. खोलीतल्या खोलीत नजर ठेवणारी यंत्रणा या एका गोष्टीशिवाय अर्धवटच.

‘फुकट आहे, उद्या बंद पडलं तर?’ हा शेठजींचा प्रश्न. साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत २०१२ साली सुरू झालेलं प्रोमिथिअसचं काम २०१६ पासून सीएनसीएफ या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, कुबरनेटिस या प्रसिद्ध सॉफ्टवेअरनंतरचा तिथला दुसराच प्रकल्प. ती चिंता मला नाही. मात्र ज्यांच्याकडे स्विच, प्रिंटर असलीच उपकरणं जास्त आणि हाताशी लिनक्सचा माणूस नाही, त्यांना मी झॅबिक्स हे नजर ठेवणारं दुसरं सॉफ्टवेअर सुचवेन. तिथं बरंचसं स्क्रीनवरूनच जमतं. आमच्या टॅलीच्या मशीनला विंडोज एक्स्पोर्टर लावलाय, तो बिनतक्रार चालतो.

बसवताना ९०९० (प्रोमिथिअसचा) आणि ९१०० (नोड एक्स्पोर्टरचा) हे पोर्ट फायरवॉलमध्ये आधी आवळा. मुळात त्यांना पासवर्ड नसतो, आणि नेटवर्कवरच्या कोणालाही तुमच्या मशीनची कुंडली वाचता येते.