बर्निंग मॅन : दार सर्वांना उघडे, वाट मात्र खर्चाची

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या वायव्य भागात ब्लॅक रॉक नावाचे वाळवंट आहे. ते वाळूच्या टेकड्यांचे नाही. एका आटलेल्या प्राचीन सरोवराचा तो सपाट, क्षारयुक्त धुळीचा तळ आहे आणि तेथे जाणारे त्याला ‘प्लाया’ म्हणतात. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस येथे सुमारे 70,000 माणसांचे शहर उभे राहते, नऊ दिवस नांदते आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटला की मोडले जाते. हाच बर्निंग मॅन महोत्सव. 1986 मध्ये लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स या मित्रांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर एक लाकडी मानवाकृती जाळली, तेथून याची सुरुवात झाली. 1990 मध्ये पोलिसांनी किनाऱ्यावर दहन होऊ दिले नाही, तेव्हा तो प्रघात वाळवंटात गेला. हार्वी यांनी 2004 मध्ये महोत्सवाची दहा तत्त्वे लिहून काढली आणि त्यांत पहिला मान सर्वसमावेशकतेला दिला. कोणीही यावे, अनोळखी माणसाचे स्वागत व्हावे, सहभागासाठी पूर्वअट नसावी, असा त्याचा आशय आहे. बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातील, मराठी मंडळींमध्ये या महोत्सवाविषयी ऐकीव माहिती भरपूर असल्यामुळे, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात कितपत पाळले जाते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण मर्यादित ठेवते.

सोयी आणि दर यांच्या हिशेबाने पाहू गेल्यास येथे परीक्षण करण्यासारखे फारसे हाती लागत नाही, कारण या शहरात बर्फासारखे मोजके अपवाद वगळता काहीही विकत मिळत नाही, जाहिरातीचे फलक नसतात आणि वस्तूंची अदलाबदलही अपेक्षित नसते. जे द्यायचे ते परतफेडीची अपेक्षा न ठेवता द्यायचे. सुरुवातीला हे ऐकून नवख्या माणसाला आयती चंगळ वाटते. प्रत्यक्षात, आपणही काहीतरी दिल्याशिवाय येथे करमत नाही. आमच्या कॅम्पने, म्हणजे एकत्र मुक्काम करणाऱ्या गटाने, सकाळी पोहे करण्याचे ठरवले होते. ताजी कोथिंबीर त्या उन्हात तग धरणार नाही म्हणून वाळवलेली नेली होती, आणि शेंगदाण्यांची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी दुसरी कढई वेगळी ठेवली होती. रांगेत उभे असलेल्यांत रात्रभर नाचून परतणारे तरुण होते, तसेच सायकलवरून कामाला निघालेले स्वयंसेवकही होते. कोण मोठ्या पगाराचा आणि कोण बेकार, हे त्या धुळीने माखलेल्या कपड्यांवरून ओळखणे शक्यच नव्हते. गिऱ्हाईक आणि विक्रेता हे नाते नाहीसे झाल्यावर माणसे एकमेकांशी किती सहज बोलू लागतात, हे मला येथे जितके स्पष्ट दिसले तितके अन्यत्र क्वचितच दिसले असेल.

याच संदर्भात एका कॅम्पचा उल्लेख करायलाच हवा. प्लायाची धूळ अल्कधर्मी असल्यामुळे अनवाणी चालणाऱ्यांच्या टाचा भेगाळतात आणि त्यावर पाण्यात व्हिनेगर घालून पाय धुणे हा तेथील रूढ उपाय आहे. त्या कॅम्पमध्ये साठीच्या पुढचे एक गृहस्थ समोर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय धूत होते. वडीलधाऱ्या माणसाने आपल्या पायांना हात लावावा, हे आपल्या संस्कारात बसत नाही. मी नकळत पाय मागे घेतला. त्यांनी काही न विचारता फडके आणि घमेले माझ्याकडे सरकवले आणि मी माझे पाय धूत असताना ते शेजारी बसून गप्पा मारत राहिले.

कलेच्या बाबतीतही हाच मोकळेपणा आहे. शिल्पांभोवती दोर नसतात. बहुतेकांवर चढता येते, त्यांची चाके फिरवता येतात, आत झोपताही येते. आयोजक संस्था काही कलाकृतींना अनुदान देते, पण उभारणीचे पुष्कळसे काम हौशी स्वयंसेवकांच्या मनगटावर चालते. 2000 मध्ये शिल्पकार डेव्हिड बेस्ट यांनी येथे पहिले लाकडी मंदिर उभारले. तेव्हापासून दरवर्षी नवे मंदिर बांधले जाते, गमावलेल्या माणसांची नावे लोक त्याच्या भिंतींवर लिहितात आणि शेवटच्या रविवारी रात्री ते जाळले जाते. कोणत्याही एका धर्माचे नसल्यामुळे तेथे कोणालाच परके वाटत नाही. याउलट, कपड्यांच्या बाबतीत उसनवारी फार आहे. ॐ छापलेली वस्त्रे आणि टिकल्या लावून फिरणाऱ्यांना त्यामागचा अर्थ ठाऊक असतोच असे नाही. मला त्याचा राग आला नाही, पण कौतुकही वाटले नाही.

आता दुसरी बाजू. 2024 मध्ये मुख्य विक्रीतील तिकीट 575 डॉलरचे आणि गाडीचा परवाना 150 डॉलरचा होता. त्यावर पाणी, अन्न, तंबू, सायकल, पेट्रोल आणि आठवडाभराची रजा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना अर्ज करून सवलतीचे तिकीट मिळू शकते, हे खरे. परंतु तिकीट हा एकूण खर्चाचा एक भाग झाला. आपल्याकडील वारीशी तुलना केली तर मुद्दा लगेच ध्यानात येतो. येथील कॅम्प हे दिंडीसारखेच असतात, स्वतःची चूल आणि स्वतःची जागा असलेले. पण वारकऱ्याला वाटेवरची गावे सांभाळून घेतात, जेवू घालतात, पाणी देतात, आणि त्यामुळेच ज्याच्याजवळ काही नाही तोही पंढरपूरला पोहोचतो. ब्लॅक रॉकच्या वाटेवर अशी गावे नाहीत. स्वावलंबन हेही दहा तत्त्वांपैकी एक आहे, आणि माझ्या मते तेच पहिल्या तत्त्वाच्या आड येते : दारावर कोणी अडवत नाही, पण दारापर्यंत येण्याची ऐपतच माणसे निवडते.

महोत्सवाच्या स्वतःच्या जनगणनेतही ते दिसते. स्वयंसेवक ही पाहणी करतात, आणि तिच्यानुसार येणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण अनेक वर्षे एक टक्क्याच्या आसपास राहिले आहे. संस्थेने अलीकडच्या काळात विविधतेसाठी वेगळा उपक्रम हाती घेतला आहे आणि गौरेतर सहभागींनी आपले कॅम्पही उभारले आहेत. तरी हा आकडा केवळ सदिच्छेने हलेल असे वाटत नाही. शिवाय ही भूमी मुळात उत्तर पायूट या आदिवासी लोकांची आहे आणि महोत्सवाकडे जाणारा महामार्ग 447 त्यांच्या पिरॅमिड लेक राखीव क्षेत्रातूनच जातो. जाता-येता रस्त्याकडेच्या त्यांच्या टपऱ्यांवर तळलेली पोळी अवश्य घ्यावी, कारण तो पैसा योग्य हाती पडतो. श्रीमंतांसाठी नोकरचाकरांसह सर्व तयार असलेले कॅम्प हे आणखी एक दुखणे. लठ्ठ शुल्क आकारणाऱ्या अशाच एका कॅम्पला संस्थेने 2019 च्या महोत्सवाला येण्यास मनाई केली, हे मात्र तिच्या बाजूने नोंदवायला हवे.

अपंग व्यक्तींच्या सोयीविषयी मी साशंक होते, कारण मऊ धुळीत चाकाची खुर्ची रुतते. तरीही मोबिलिटी कॅम्प नावाचा एक गट अशा सहभागींना कलाकृती पाहता याव्यात म्हणून फेऱ्यांची व्यवस्था करतो आणि ते काम मनापासून चालते. मुले घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी किड्सव्हिल आहे, शांतता हवी असणाऱ्यांसाठी हशव्हिल आहे. ज्याला जे सोसत नाही त्याची सोय कोणीतरी स्वतः उठून करते, ही येथील रीत मला घोषित तत्त्वांपेक्षा अधिक पटली.

पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी वाचकांनी एकट्याने सामान जमवण्यापेक्षा एखाद्या अनुभवी कॅम्पशी काही महिने आधी जोडून घ्यावे. खर्च वाटला जातो आणि कामही. 2023 मध्ये पाऊस पडला तेव्हा चिखलामुळे वाहतूक बंद झाली आणि हजारो लोक अडकून पडले, म्हणून अन्नपाणी चार दिवस अधिकचे ठेवावे. पिसे आणि चमकीचे कपडे घरीच ठेवावेत. अखेरच्या दिवशी सारा कॅम्प ओळीने चालत जमिनीवरची टिकलीन् टिकली वेचतो, आणि कचरा मागे राहिलेल्या कॅम्पची जागा संस्थेच्या नकाशावर लाल दाखवली जाते.