जादा पैसे हातात आलेत: लोन आधी फेडू की गुंतवू?

बोनस आलाय किंवा एखादी जुनी ठेव मॅच्युअर झालीये, डोक्यावर होम लोन आहे आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात, हे चित्र बऱ्याच घरांत असतं. एक पार्टी म्हणते कर्ज म्हणजे कर्ज, आधी ते मिटवा मग काय ते बोला. दुसरी म्हणते लोन ९ टक्क्यांनी आणि बाजार देतो १२, मग लोन भरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मी दोन्ही पार्ट्यांमध्ये राहून आलोय, त्यामुळे दोघांचं कुठे बरोबर आहे आणि कुठे गाडी घसरते ते सांगतो, ठरवायचं तुम्हीच.

आधी त्या ९ विरुद्ध १२ च्या हिशोबाचं बघू, कारण सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. ही तुलना मुळातच चुकीची आहे. लोनचे ९ टक्के पक्के असतात, म्हणजे आज तुम्ही मुद्दल भरलं की त्या रकमेवरचं व्याज थांबलं, त्यात कोणाचा अंदाज नाही की कोणाची कृपा नाही. बाजाराचे १२ टक्के ही सरासरी आहे, तीही मागच्या काळाची, आणि त्यातून फंडाचा खर्च जातो, विकताना टॅक्स जातो, तेव्हा १२ चे १० कधी झाले ते कळतही नाही. मग खरी तुलना होते पक्क्या ९ ची आणि कदाचितच्या १० ची. त्या एका टक्क्यासाठी किती धाकधूक सोसायची हा प्रश्न आहे, आणि असा विचारला की बऱ्याच जणांचं उत्तर बदलतं.

उलट बाजूने, बऱ्याच देशांत होम लोनच्या व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळते. ती तुम्हाला खरोखर मिळत असेल (मिळू शकते आणि मिळते यात फरक आहे, रिटर्न काढून बघा) तर लोन तेवढं स्वस्त पडतं. समजा सगळ्या व्याजावर २० टक्के टॅक्स वाचतोय, तर ९ चं लोन ७.२ ला पडलं. मग १० विरुद्ध ७.२, इथे गुंतवणुकीची बाजू जड होते. म्हणजे पहिलं काम हे की आपल्या लोनचा टॅक्सनंतरचा दर काढायचा, जाहिरातीतला नाही.

आता प्रीपेमेंटच्या, म्हणजे लोन मुदतीआधी फेडण्याच्या बाजूचं सगळ्यात मोठं हत्यार, व्याजाची बचत. कोणतंही चलन धरा, समजा १०० चं लोन आहे, ९ टक्के, २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो साधारण ०.९०, आणि पहिल्या हप्त्यातले ०.७५ नुसते व्याजात जातात, मुद्दलात फक्त ०.१५. शेवटपर्यंत भरत राहिलात तर १०० चे २१६ होतात. आणि मला स्वतःला हादरवणारा आकडा हा की १० वर्षं म्हणजे अर्धी मुदत इमानदारीत हप्ते भरूनही ७१ बाकी असतात, अर्ध्या वाटेवर आलो असं वाटतं तेव्हा मुद्दल जेमतेम २९ फिटलेलं असतं.

याच लोनमध्ये पहिलं वर्ष संपल्यावर १० जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला तर शेवटचे ५० हप्ते गायब होतात, चार वर्षांहून जास्त, आणि व्याज वाचतं ३५ च्या आसपास. १० भरून ३५ वाचले! हे ऐकून माणूस लगेच बँकेत पळतो. पण जरा थांबा, ते ३५ आज मिळत नाहीत, ते पंधरा-वीस वर्षांनी न भरायच्या हप्त्यांच्या रूपात मिळतात. तेवढा काळ तेच १० दुसरीकडे ९ टक्क्यांनी वाढले असते तर तिथेही मुद्दल धरून साधारण ४५ च झाले असते. चक्रवाढ दोन्हीकडे सारखीच चालते. म्हणजे ३५ च्या आकड्याला भुलून जाऊ नका, प्रीपेमेंटचा परतावा वर्षाला ९ टक्के, ना कमी ना जास्त.

याच हिशोबाची दुसरी बाजू. लोक छातीठोकपणे सांगतात की लोनच्या शेवटच्या वर्षांत प्रीपेमेंट करून उपयोग नाही, व्याज तर आधीच भरून झालेलं असतं. वरच्याच लोनमध्ये १५ वर्षांनी १० भरले तर १६ हप्ते कमी होतात आणि व्याज वाचतं पावणेपाचच्या आसपास. आकडा छोटा दिसतो कारण पैसा थोडीच वर्षं काम करतोय, पण दर तोच, ९ टक्के. व्याज आधीच भरून झालं वगैरे काही नसतं, व्याज दर महिन्याला जेवढं मुद्दल बाकी तेवढ्यावरच लागतं. उशिरा पैसे आले म्हणून प्रीपेमेंट वाईट ठरत नाही.

प्रीपेमेंट करताना हप्ता कमी करायचा की मुदत, हे मात्र नीट बघा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षानंतर १० भरून मुदत तीच ठेवली आणि हप्ता कमी करून घेतला तर व्याज ३५ ऐवजी ११ च्या आसपासच वाचतं. पगार डळमळीत असेल तर हप्ता कमी करणं समजू शकतो, महिन्याला श्वास घ्यायला जागा होते, नाहीतर मुदतच कमी करा.

आता गुंतवणुकीची बाजू, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण "लाँग टर्ममध्ये बाजार वरच जातो" हे वाक्य फार स्वस्त झालंय. लाँग म्हणजे किती? जपानचा शेअर निर्देशांक निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ च्या आसपास होता आणि ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये, ३४ वर्षं! अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक १९२९ ला जिथे होता तिथे परत यायला १९५४ उजाडलं. हे आकडे लाभांश सोडून आहेत, तो धरला तर चित्र थोडं बरं दिसतं, आणि दर महिन्याला थोडं थोडं गुंतवणाऱ्याला खाली पडलेल्या भावातही खरेदी मिळते, सगळं खरं. पण एकरकमी बोनस चुकीच्या वेळी टाकणाऱ्याचं काय होऊ शकतं ते यातून कळतं. अमेरिकेचाच दुसरा निर्देशांक एसअँडपी ५०० ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ मध्ये साधारण ५७ टक्के पडला. ५० टक्के पडलेला पैसा परत तिथेच यायला १०० टक्के वाढावा लागतो, हे गणित कागदावर सोपं आहे, पण स्वतःच्या खात्यात बघताना फार लागतं.

आणि एक गोष्ट ९ विरुद्ध १२ वाले कधीच धरत नाहीत. बाजार कोसळतो तेव्हाच बऱ्याचदा नोकऱ्याही जातात, २००८ ला तेच झालं. म्हणजे पगार बंद, फंड अर्ध्यावर आणि हप्ता मात्र तारखेला हजर. लोन डोक्यावर ठेवून गुंतवणं म्हणजे एका अर्थाने उधारीवर शेअर घेणंच आहे. तुमच्याकडे आज लोन नसतं तर फक्त बाजारात टाकायला म्हणून ९ टक्क्यांनी घर गहाण टाकून पैसे उचलले असते का? नाही म्हणत असाल तर आत्ता वेगळं काय करताय? (याला उत्तर आहे, पुढे येतंय.)

पण म्हणून गुंतवणूक हरली असं नाही. वय कमी असेल, लोन स्वस्त आणि फिक्स्ड दराचं असेल, नोकरी पक्की असेल तर वेळ तुमच्या बाजूने आहे. फिक्स्ड लोनमध्ये तर महागाईसुद्धा तुमचीच मैत्रीण, हप्ता तोच राहतो आणि पगार वाढत जातो. फ्लोटिंगमध्ये, म्हणजे दर बदलत राहणाऱ्या लोनमध्ये तेवढं सुख नाही, महागाई वाढली की दरही वाढवतात. आणि गुंतवणार असाल तर खर्च बघा, १० टक्क्यांनी २० वर्षांत पैसा ६.७ पट होतो आणि ९ टक्क्यांनी ५.६ पट, एका टक्क्याच्या फीमध्ये एवढं जातं. महागडा फंड घेऊन लोनशी स्पर्धा करायची असेल तर सरळ लोनच भरा.

आता वर विचारलेल्या "आत्ता वेगळं काय करताय?" या प्रश्नाचं उत्तर. लोनमध्ये टाकलेला पैसा सहसा परत मागता येत नाही. फंडातला विकता येतो, भले तोट्यात, पण येतो. हे मी स्वतः भोगलंय. एका वर्षी सगळा बोनस प्रीपेमेंटमध्ये घातला, फार हुशारी केल्यासारखं वाटलं, आणि चार महिन्यांनी घरात आजारपण आलं. खात्यात काही नाही, होम लोन तेवढं हलकं झालेलं, आणि हॉस्पिटलसाठी पर्सनल लोन घेतलं ते होम लोनच्या जवळजवळ दीडपट दराने! स्वस्त कर्ज फेडून महाग कर्ज घेतलं, वर बायकोने ऐकवलं ते वेगळंच, आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून माझा नियम, सहा महिन्यांचा घरखर्च प्लस हप्ते बाजूला पडल्याशिवाय प्रीपेमेंटही नाही आणि शेअरही नाही. हा पैसा एफडीत कमी व्याजाने पडून राहतो म्हणून जीव जळतो, जळू दे.

मधला मार्ग म्हणून ओव्हरड्राफ्टसारखी होम लोन असतात, ऑस्ट्रेलियात तर ऑफसेट अकाउंट चांगलंच रुळलंय. जोडलेल्या खात्यात जेवढे पैसे ठेवाल तेवढ्यावर लोनचं व्याज लागत नाही आणि पैसे हवे तेव्हा काढता येतात. ऐकायला दोन्ही हातात लाडू, पण दर बऱ्याचदा साध्या लोनपेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे खात्यात बरी रक्कम कायम पडून राहणार असेल तरच परवडतं. आणि खर्चाचा हात सैल असेल तर यापासून लांबच राहा.

हे सगळं होम लोनबद्दल झालं. क्रेडिट कार्डची थकबाकी असेल तर तुलना वगैरे काही नाही. महिन्याला ३ टक्के व्याज म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२ च्या वर जातं, एवढा पक्का परतावा जगात कोणी देत नाही, आधी ते फेडा. दोन-तीन लोन असतील तर सगळ्यात महाग आधी की सगळ्यात लहान आधी यावरही लोक वाद घालतात. हिशोबाने महाग आधी. पण लहान लोन संपलं की एक हप्ता कायमचा बंद होतो, घरात उत्साह येतो, आणि दरांत फार फरक नसेल तर त्या उत्साहासाठी थोडं जास्त व्याज गेलं तरी मला चालतं.

आता एक तिसरा पर्याय, जो कागदावर कोणीच लिहीत नाही पण जिंकतो बहुतेक वेळा तोच, पैसे उडून जाणं. "लोन नाही भरत, गुंतवतो" म्हणणाऱ्यांचे पैसे बऱ्याचदा गुंतवलेच जात नाहीत, बचत खात्यात पडतात आणि मग नवा फोन, सोफा, कुठेतरी ट्रिप. २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलर यांनी यावरच काम केलंय, माणूस मनात पैशाचे वेगवेगळे डबे करतो आणि बोनसच्या डब्यातला पैसा पगारापेक्षा हलक्या हाताने खर्च करतो. प्रीपेमेंटचा मोठा फायदा माझ्या मते हाच, भरला की तो डबाच रिकामा. तुमचा मागच्या तीन वर्षांचा रेकॉर्ड बघा, बोनस कुठे गेला? गुंतवलेला सापडला तर खुशाल गुंतवा, सापडतच नसेल तर लोन भरा.

माझं मत विचाराल तर, टॅक्सनंतर लोनचा दर ९ किंवा वर असेल तर बहुतांश पैसे लोनमध्ये. ६ च्या खाली, मुदत लांब आणि बाजाराची पडझड सोसायची तयारी असेल तर गुंतवणुकीत. मधल्या पट्ट्यात अर्धं-अर्धं, आणि याला कोणी घाबरटपणा म्हणालं तर त्यांना हॅरी मार्कोविट्झ यांचं सांगा. गुंतवणूक कशी विभागावी याचं गणित ज्यांनी १९५२ मध्ये मांडलं आणि ज्यांना त्यासाठी १९९० ला नोबेल मिळालं, त्यांनी स्वतःच्या रिटायरमेंटचे पैसे मात्र शेअर आणि बाँडमध्ये सरळ निम्मे निम्मे टाकले होते, पुढे कुठल्याही बाजूने पस्तावायला नको म्हणून. आणि घरातल्या एकाला लोनमुळे खरंच झोप लागत नसेल तर एक-दीड टक्क्याचा हिशोब त्याच्यापुढे मांडत बसू नका.

प्रीपेमेंट करायचं ठरलंच तर आधी विचारून घ्या की त्यावर चार्ज लागतो का, आणि मुदत कमी करा असं लेखी द्या, तोंडी नको. मग पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलीये का बघा. तारीख तीच असेल आणि हप्ता घटलेला असेल तर तुम्ही सांगितलं ते कोणी ऐकलेलं नाहीये, त्याच दिवशी परत जा.