व्हॅनमधला उन्हाळा: कूलर की चिखलदरा?

मे महिन्यात अमरावतीत व्हॅनमध्ये राहायचं तर एक तर वाळ्याचा कूलर लावा, नाहीतर गाडी चिखलदऱ्याला न्या. विदर्भाची हवा कोरडी, म्हणून कूलर झकास चालतो. मात्र समोरची काच चार बोटं उघडी हवीच, नाहीतर ओल आतच कोंडते आणि अंग चिकचिकतं. (कोकणच्या दमट हवेत कूलरचा फारसा उपयोग नाही.) १२ व्होल्टवर ६० वॅटचा कूलर ५ अँपिअर ओढतो, म्हणजे रात्रीच्या आठ तासांत बॅटरीतले ४० अँपिअर-तास गेले. पाण्याचे कॅन भरत राहणं तर फारच जिकिरीचं.

चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. दुपारी तिथंही ऊन लागतं, पण रात्री खिडकीला जाळी लावली की गाढ झोप लागते. म्हणून मी घाटच चढतो.