बातमीसाठी नकाशा कशात करावा? माय मॅप्स, डेटारॅपर की क्यूजीआयएस

पुण्यातल्या बातमीदारावर नकाशा करायची पहिली वेळ येते ती बहुधा पावसाळ्यात. खडकवासल्यातून विसर्ग वाढलेला असतो, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमधून फोन सुरू झालेले असतात आणि संध्याकाळी सातला डेस्क म्हणतं, 'एक नकाशा टाक बरं सोबत.' मग मोबाइलवर गुगल मॅप्स उघडायचं, स्क्रीनशॉट काढायचा, त्यावर लाल गोल ओढायचा, की झालं काम. मीही बरीच वर्षं असंच भागवलं. आता चांगली साधनं फुकट मिळतात, त्यामुळे उलट कुठलं शिकायचं हाच घोळ होतो.

आधी एक बघा, नकाशा खरंच हवा आहे का? 'भिडे पूल पाण्याखाली' एवढं वाचलं की पुणेकराच्या डोळ्यांसमोर नदीपात्र, बंद रस्ता आणि डेक्कनची कोंडी एकदमच उभी राहते. तिथे नकाशा म्हणजे जागा भरणं. पण जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा वाचकाचा प्रश्न होता, 'आमची इमारत पूररेषेच्या आत आहे का?' निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. या रेषा वाक्यात सांगून कुणाला काही कळत नाही, त्या दाखवाव्याच लागतात.

गुगल माय मॅप्स सगळ्यात सोपं. खातं असतंच, एक्सेलची यादी चढवली की दहा मिनिटांत ठिपके तयार. दहा थर करता येतात, एका यादीत दोन हजार ओळी चालतात. बातमीदाराला आणखी काय हवं? हवं असतं. आकड्यांप्रमाणे प्रभाग फिके-गडद रंगवायचे म्हटलं की ते हात टेकतं. शिवाय पत्त्यांचा धोका. एकदा अपघातांची यादी मी तशीच चढवली. काही ओळींत पत्ता म्हणून नुसतं 'वडगाव' होतं. आता आपल्याकडे वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, वडगाव खुर्द आहे आणि पलीकडे वडगाव मावळ. सिंहगड रस्त्यावरचे तीन अपघात नगर रस्त्याला जाऊन बसले. सकाळी सव्वासातला एका काकांचा फोन, 'अहो, मी इथे तीस वर्षं राहतोय, आमच्या चौकात असं काही झालेलं नाही.' यंत्राला काय कळणार, यादी न बघता मी चढवली होती. दुसरी गंमत म्हणजे 'नवले पूल परिसर' लिहिलेले सगळे अपघात एकावर एक पडून एकच ठिपका दिसतो. सगळ्यात धोक्याची जागा नकाशावर सगळ्यात शांत!

म्हणून माय मॅप्स मी छापायला वापरत नाही, पण स्वतःची वही म्हणून रोज वापरतो. फिरतीवर असताना फोनवरून जागा जतन करायच्या आणि घरी येऊन त्या त्यात भरायच्या, हे दुसऱ्या कशात इतकं सहज होत नाही.

डेटारॅपर ही बर्लिनची मंडळी, साधन ब्राउझरमध्येच चालतं. जागा दाखवणारा नकाशा, ठिपक्यांचा नकाशा आणि रंगवलेल्या प्रदेशांचा नकाशा, असे तीन प्रकार. फोनवर नीट दिसतो, आणि आपले निम्म्याहून जास्त वाचक फोनवरच असतात. फुकटात पीएनजी मिळते, छपाईला लागणारी एसव्हीजी किंवा पीडीएफ मात्र पैसे भरल्यावर. वेबसाइटवर काम करणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सांगेन.

डोळे उघडायचे ते हद्दींची फाइल देताना. पुणे महापालिकेचे २०१७ च्या निवडणुकीत ४१ प्रभाग होते, जागा १६२. नव्या रचनेतही प्रभाग ४१च आहेत, जागा १६५. मधल्या काळात हद्दीत गावं आली, त्यातली दोन बाहेरही गेली, त्यामुळे प्रभागांच्या सीमा पार बदलल्या. पण नंबर तेच, एक ते एकेचाळीस! जुनी फाइल लावून नवे आकडे भरले तर सगळ्या ओळी बरोबर जुळतात, कुठेही लाल खूण येत नाही आणि अख्खा नकाशा चुकीचा निघतो. शिवाय कडेचे प्रभाग पसरट, पेठांमधले चिमुकले. नुसत्या संख्येवरून रंग भरले की डोळा कडेकडेच जातो. दर लाख लोकसंख्येमागे काढा, मगच रंगवा.

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर, पण शिकायला दोन-तीन रविवार घालवायची तयारी हवी. ते संगणकावर उतरवावं लागतं, पडदा उघडला की बटणांचा बाजार मांडलेला दिसतो. पण वर म्हटलेली हद्दींची अडचण खरी सुटते ती इथेच. प्रभागांचा नकाशा पीडीएफ म्हणून मिळतो. त्याचं चित्र करून क्यूजीआयएसमध्ये घ्यायचं, मग लकडी पूल, बंडगार्डनचा पूल, कात्रजचा तलाव असे ओळखीचे चार-सहा बिंदू चित्रावर टिपून खऱ्या जागांशी जोडायचे. चित्र जमिनीवर बसलं की सीमा गिरवता येतात, आणि तीच फाइल डेटारॅपरला देता येते. नदीपासून १०० मीटरचा पट्टा काढायचा असेल तर थर आधी ईपीएसजी:३२६४३ मध्ये, म्हणजे पुण्याला लागू पडणाऱ्या मीटरच्या मापात, न्या. अक्षांश-रेखांशातच १०० लिहिलंत तर ते १०० अंश होतात आणि मुठेचा पूर पार परदेशात पोहोचतो.

छापील अंकासाठी आणखी एक. एसव्हीजी काढताना अक्षरं 'मजकूर' म्हणून ठेवली तर आर्टिस्टच्या संगणकावर जोडाक्षरं फुटू शकतात. आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून द्या. नंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, म्हणून नावं आधीच तपासा.

'काय बदललं' दाखवायचं असेल तर वरची तिन्ही बाजूला ठेवा आणि गुगल अर्थ प्रो उघडा. २०१५ पासून ते फुकट आहे, जुनी उपग्रह चित्रं सालवार दिसतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, त्याच्या आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवली की मजकूर कमी लागतो. ऐन पावसाळ्यात मात्र चित्रात नुसते ढग येतात. तेव्हा युरोपच्या सेंटिनेल-१ ची रडार चित्रं बघा, ती ढगांतूनही खालची जमीन टिपतात. शेतातलं पाणी त्यात छान कळतं, इमारतींच्या दाटीतलं फारसं नाही.

देशाचा नकाशा लागला तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्या. चुकीच्या सीमा छापल्या तर १९६१ च्या कायद्यात, १९९० च्या दुरुस्तीनंतर, सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परदेशी साधनांतल्या आयत्या सीमा जम्मू-काश्मीरपाशी हमखास अडकवतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून काही घेतलं तर श्रेय लिहायला विसरू नका.

तर निवड अशी: एकटे काम करत असाल, बातमी वेबवर जाणार असेल, तर डेटारॅपर आजच. महापालिका किंवा नदी हा तुमचा कायमचा विषय असेल तर क्यूजीआयएस टाळू नका, पहिल्या पावसाआधी शिकून घ्या. आणि हद्दींच्या प्रत्येक फाइलच्या नावात साल टाका. माझ्या संगणकात अजून 'प्रभाग फायनल नवीन २' नावाची फाइल आहे, ती कुठल्या सालची हे मलाही सांगता येत नाही.