भाडेकरूने भाडं बुडवलं अन् घरही खराब केलं, डिपॉझिट कशात वळवायचं?

मनीष नगरकडे टू-बीएचके भाड्याने दिला, भाडेकरू चार महिन्यांचं भाडं न देता गेला, वर हॉलच्या खिडकीची ग्रिल कापून कूलर बसवला होता त्याचं पाणी दोन उन्हाळे भिंतीत मुरून प्लास्टर फुगलेलं, अशी केस नागपुरात काही नवी नाही बाप्पा. आता हातात डिपॉझिट 30 हजार. भाड्यात वळवायचं की दुरुस्तीत?

इन्कम टॅक्सवाले या दोन्ही नुकसानांकडे सारख्या नजरेने पाहतच नाहीत. बुडालेलं भाडं उत्पन्नातून वगळता येतं, रिटर्नमध्ये त्याचा वेगळा रकानाच आहे. दुरुस्तीचं तसं नाही, मनपाचा टॅक्स वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के सूट मिळते अन् प्लास्टर, रंग, ग्रिल सगळं त्यातच आलं. 40 हजार खर्च करा नाहीतर शून्य, सूट तेवढीच.

भाडं महिना 15 हजार धरा, म्हणजे वर्षाचे 1,80,000, बुडाले 60 हजार, मनपा टॅक्स भरला 6 हजार. डिपॉझिट दुरुस्तीत कापलं तर पूर्ण 60 हजार वगळून उरतात 1,14,000, त्यातून 30 टक्के गेले की टॅक्सेबल 79,800. तेच डिपॉझिट भाड्यात वळवलं तर ते भाडं मिळालंच ना, मग बुडीत फक्त 30 हजार आणि टॅक्सेबल 1,00,800. खिशात पैसा दोन्हीकडे तेवढाच, उत्पन्न मात्र 21 हजारांनी जास्त दिसतं.

म्हणून माझं मत, आधी दुरुस्तीत कापा. पण अॅग्रीमेंटमध्ये तसा क्लॉज पाहिजे, प्लास्टरवाल्याचं, वेल्डरचं खरं बिल पाहिजे अन् कापणार तेही बिलाएवढंच, उगाच फुगवू नका. अॅग्रीमेंट रजिस्टर नसेल तर महाराष्ट्रात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर, त्यामुळे स्टॅम्प पेपरवर नुसती नोटरी करून मोकळे होणाऱ्यांनी इथे जरा थांबा.

बुडालेलं भाडं वगळणंही फुकट नाही, इन्कम टॅक्सच्या नियमांत त्याच्या अटी आहेत. भाडेव्यवहार खरा हवा, भाडेकरू घर सोडून गेलेला हवा किंवा त्याला काढायची कारवाई सुरू हवी, तो तुमच्याच दुसऱ्या फ्लॅटमध्ये राहत नसावा, आणि वसुलीसाठी कोर्टात जायची पावलं उचललेली हवी किंवा कोर्टात जाऊन उपयोग नाही हे अधिकाऱ्याला पटवता आलं पाहिजे. वकिलाची नोटीस, पोस्टाची पावती, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपवरचं "पुढच्या महिन्यात देतो भाऊ" सगळं जपून ठेवा. हे काहीच नसेल तर न मिळालेल्या भाड्यावरही टॅक्स भरायची पाळी येते.

तो भाडेकरू पुढे कधी पैसे देऊन गेलाच तर ज्या वर्षी मिळाले त्या वर्षी ते उत्पन्न, 30 टक्के सूट तेव्हाही मिळते, अगदी फ्लॅट मधल्या काळात विकला असला तरी.