रिपोर्टचे युनिट बदलून देणारं अ‍ॅप: साखरेत पास, युरियात नापास

साडेतीन स्टार देतेय, त्यातला अर्धा तर फक्त नेट नसताना पण चालतं म्हणून. अ‍ॅपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, प्ले स्टोअरवर असले लॅब कन्व्हर्टर ढिगाने पडलेत आणि बरेचसे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, तेव्हा खालचं वाचा आणि तुमच्या फोनमधलं तुम्हीच तपासून घ्या.

आम्ही इंग्लंडमधे राहतो, आई-बाबा उन्हाळ्यात कोल्हापूरहून येतात, येताना रिपोर्टची जाडजूड फाईल आणतात. तिकडे साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन सगळं एमजी/डीएलमधे, इकडे मिलीमोल नाहीतर मायक्रोमोल. तिकडचा आकडा वजनाचा, इकडचा रेणूंच्या मोजणीचा, आणि प्रत्येक पदार्थाचा रेणू वेगळ्या वजनाचा, म्हणून एकच गुणाकार सगळ्यांना लावता येत नाही. साखरेला 18 ने भागायचं, कोलेस्टेरॉलला 38.67 ने आणि त्याच लिपिड प्रोफाईलमधल्या ट्रायग्लिसराईडला 88.57 ने. कोण लक्षात ठेवणार? अ‍ॅप लागतंच.

नाहीतर काय होतं ऐका. इथे बाबांचं रक्त तपासलं, क्रिएटिनिन 97 आलं, बाबांनी रिपोर्टचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. झालं, सांगलीहून आत्याचा फोन, "अगं दादाचं क्रिएटिनिन सत्त्याण्णव? डायलिसिसला न्यायला पाहिजे की गं!" अ‍ॅपमधे टाकून स्क्रीनशॉट पाठवला, 97 भागिले 88.4 म्हणजे 1.1, आपल्याकडे कायम येतं तेवढंच. तेवढ्यात काका विचारतात साखर 7.2 लिहिलीय, म्हणजे तीन महिन्यांची ना? नाही हो काका, ती उपाशीपोटीची, 7.2 मिलीमोल म्हणजे आपली 130. आकडा नेमका एचबीएवनसीसारखा (तीच ती तीन महिन्यांची सरासरी साखर) दिसतो, त्यामुळे हा घोळ भल्याभल्यांचा होतो.

एचबीएवनसीला मात्र अ‍ॅपला पैकीच्या पैकी. इथे ती टक्क्यात देत नाहीत, मिलीमोल/मोलमधे देतात, आणि तिचं साधं गुणिले-भागिले चालत नाही, टक्क्यातून आधी 2.15 वजा करायचे मग 10.929 ने गुणायचं. 7 टक्के टाकलं की 53 यायला पाहिजे, 6.5 ला 48. आलं. तुम्ही पण नवीन अ‍ॅप टाकलंत की पहिल्यांदा हेच टाकून बघा, इथे चुकलं तर लगेच डिलीट.

आता युरिया. इथे मला खरा राग आला. आपल्याकडे काही लॅब ब्लड युरिया लिहितात, काही बीयूएन लिहितात, दोन्ही एमजी/डीएलमधेच, पण बीयूएन म्हणजे युरियातला नुसता नायट्रोजन, पूर्ण युरिया त्याच्या 2.14 पट भरतो. अ‍ॅपमधे खाना एकच, वर लिहिलंय "युरिया / बीयूएन", आणि आत गणित बीयूएनचं. आईचा ब्लड युरिया 30 होता, टाकला तर 10.7 मिलीमोल आणि शेजारी लाल बाण. खरं उत्तर 5 आहे, एकदम नॉर्मल! ज्याला फरक माहीत नाही तो रात्रभर झोपणार नाही. दोन वेगळे खाने करायला असा किती वेळ लागतो? डेव्हलपरला मेल केलाय, उत्तर नाही.

दुसरी खोड, लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. हे पण बिनधास्त एमजी/डीएलमधून नॅनोमोलमधे करून देतं. पण त्या कणाची साईज माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाहीच, ज्या युनिटमधे तपासलं त्यातच वाचायचं असतं. अशा ठिकाणी अ‍ॅपने सरळ "होणार नाही" म्हणावं ना, दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर कसलं देतंय.

आणि एक गोष्ट, ही अ‍ॅपची चूक म्हणणार नाही पण एक ओळ लिहायला हवी होती. बाबांचं व्हिटॅमिन डी 24 नॅनोग्रॅम, कोल्हापूरच्या रिपोर्टवर ठळक अक्षरात "कमी", कारण आपल्याकडच्या बऱ्याच लॅब 30 च्या वर असेल तरच पुरेसं म्हणतात. अडीचने गुणलं, 60 नॅनोमोल, बरोबर आहे. पण इथे 50 च्या वर म्हणजे पुरेसं, सो डॉक्टरांनी बघून पान उलटलं आणि बाबा त्यांच्या आठवड्याच्या पुड्यांचं पाकीट हातात धरून बसले! युनिट बदललं तरी नॉर्मल रेंज त्या-त्या देशाची असते, म्हणजे नुसता आकडा बदलून भागत नाही, शेजारची रेंज कुठली धरलीय ते पण बघावं लागतं. या अ‍ॅपमधे रेंज कुठून घेतलीय याचा पत्ताच नाही.

बाकी किरकोळ. लाख हा प्रकार त्याला कळत नाही, प्लेटलेट 2.4 लाख असतील तर स्वतःच 240 (हजारात) करून टाकायचे. टीएसएचला (थायरॉईडची तपासणी) काही करायचंच नसतं, मायक्रो आययू/एमएल आणि मिली आययू/लिटर दोन्ही आकडे सेम, तरी त्याला वेगळं पान ठेवलंय. उलटसुलट करायचा बाण मागच्या वेळी जिकडे होता तिकडेच राहतो, म्हणून टाकायच्या आधी वरचं युनिट बघायची सवय लावा, नाहीतर 126 साखरेचं 7 व्हायच्या ऐवजी 2268 होतं (हे निदान बघताक्षणी कळतं तरी, युरियाचं कळत नाही).

पैसे भरून प्रो घ्यायची गरज नाही. त्यात जाहिराती जातात आणि जुने आकडे सेव्ह होतात एवढंच, गणित तेच आणि युरियाचा खाना पण तोच. जाहिरातींचा त्रास होत असेल तर नेट बंद करून उघडा.