तबल्यावरची बोटं आणि टीव्हीमागची डबी

“अण्णांचा हात असा अडखळत नव्हता रे कधी,” आई म्हणाली. टीव्हीवर अण्णा तबला वाजवत होते. २००६ सालचा, भावे नाट्यमंदिरातला कार्यक्रम. लय वाढली की त्यांची बोटं मध्येच थबकायची आणि पुढे उडी मारायची. आवाज मात्र सलग. आईनं पंचवीस वर्षं ऑर्गनची साथ केलीय, तिच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. फाइलमधले व्हिडिओ टीव्हीवर दाखवायला दोनच दिवसांपूर्वी घेतलेला अँड्रॉइड बॉक्स मी त्याच रात्री काढून ठेवला.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा खालच्या खोलीतली ट्रंक पाण्याखाली गेली. अण्णांच्या सगळ्या व्हीएचएस कॅसेट त्यात होत्या. माळ्यावरच्या अकरा मिनी डीव्ही टेप (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल कॅसेट) तेवढ्या वाचल्या. अण्णा त्याआधीच गेले होते. त्यामुळे त्या अकरा तासांच्या बाबतीत “चालतंय की” म्हणायची माझी तयारी नव्हती, आणि हे एवढं सविस्तर लिहितोय तेही त्यामुळेच. घरोघरी अशा टेप पडून आहेत. त्या फाइलमध्ये उतरवल्यावर टीव्हीवर दाखवायच्या कशानं, हा प्रश्न बहुतेकांना शेवटी पडतो, आणि मग समोर दिसेल तो बॉक्स उचलला जातो.

कॅमेरा जुन्या कॉम्प्युटरच्या फायरवायर पोर्टला (अशा कॅमेऱ्यांसाठीचं जुनं जोडणीचं भोक) लावून टेप उतरवल्या. डीव्हीचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी. पहिली अडचण इथेच आली. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, मग त्याच्यावर ६४ जीबी लिहिलेलं का असेना. एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलं की बसते, पण तुमचा टीव्ही ते वाचतो का, हे आधी बघा.

आमच्या टीव्हीनं ड्राइव्ह वाचला, पण डीव्हीची फाइल उघडायलाच नकार दिला. फोनवर काढलेले एमपी४ व्हिडिओ तो व्यवस्थित दाखवतो. तुमच्याकडे फक्त तेवढेच असतील तर वेगळा प्लेअर घेऊ नका, टीव्हीचा यूएसबी पोर्ट पुरेसा आहे.

मग तो बॉक्स. खोक्यावर ‘फोरके’ मोठ्या अक्षरात. फाइल उघडली, पण तीन गोष्टी बिघडल्या. एक तर चित्र बाजूंना ताणलं गेलं. ४:३ चं चित्र रुंद पडद्यावर पसरवल्यामुळे अण्णांचा चेहरा ओळखीचा वाटेना. दुसरं, हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसायच्या. आणि तिसरं ते थबकणं, जे आईनं पकडलं.

रेघांचं कारण जुन्या पद्धतीच्या चित्रीकरणात आहे. आपल्याकडची टीव्ही पद्धत पॅल. तिच्यात सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपलेलं: आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला हालचालीचे ५० क्षण. हे दोन हप्ते प्लेअरनं नीट सोडवले नाहीत तर ते एकमेकांवर चढतात आणि कंगवा दिसतो. या सोडवण्याला डीइंटरलेसिंग म्हणतात. काही प्लेअर दोन्ही हप्ते एकत्र करून २५ चित्रांवर थांबतात. रेघा जातात, पण तबल्याच्या बोटांची निम्मी हालचालही जाते. पन्नासच्या पन्नास क्षण राखले तरच ‘धिरधिर’ डोळ्यांना धिरधिर दिसतं.

थबकण्याचं कारण आणखी साधं. तो बॉक्स टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवत होता. ६० ला २५ नं पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा तर दुसरं तीनदा दिसतं. पडदा ५० वर चालवला की हिशेब जुळतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ५० चा पर्याय होता. तो निवडून बघितला, पण बॉक्स परत सुरू केला की पुन्हा ६०. दुकानदार म्हणाला, “साहेब, एवढं बारीक कोण बघतंय?” आमच्या घरात बघतात.

लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र सुंदर आलं. डीइंटरलेसिंगमध्ये पन्नासही क्षण राखणारा ‘याडिफ २एक्स’ हा पर्याय निवडला आणि आई पुढे सरकून बसली. व्हीएलसी फुकट आहे आणि फाइल तपासायला त्याच्यासारखं साधन नाही. फाइलच खराब आहे की प्लेअर कमी पडतोय, हे पाच मिनिटांत कळतं. खरेदीआधी प्रत्येकानं एवढं करावंच. पण एकोणऐंशी वर्षांच्या आईला दुपारी एकटीनं बघायचं असेल तर लॅपटॉप, वायर, माउस हा मार्ग नाही.

शेवटी वालचंद कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यानं रास्पबेरी पाय ४ सुचवला. पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा कॉम्प्युटर. त्यात मायक्रो एसडी कार्डवर लिब्रईलेक ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, म्हणजे सुरू केल्यावर थेट कोडी हा प्लेअर उघडतो. (कोडी मूळचा एक्सबॉक्सवरचा, २०१४ मध्ये त्याचं नाव बदललं.) कोडीत व्हिडिओप्रमाणे पडद्याचा वेग बदलायचं सेटिंग आहे. ते चालू केलं आणि प्लेअर आपणहून ५० वर जायला लागला. चित्र ४:३ चं ४:३ राहिलं. फोनवर काढलेले नवे एचईव्हीसी (जास्त दाबून छोटे केलेले) व्हिडिओही न अडखळता चालतात.

मी विचारलं, पाय ५ का नको? भाचा म्हणाला, “मामा, पाच जोरदार आहे, पण तो तापतो, त्याला बहुधा पंखा लावावा लागेल. आजीला आलाप ऐकायचाय.” चारला मी धातूची केस घेतली, तीच उष्णता ओढून घेते. खोलीत आवाज शून्य.

डीव्हीच्या मूळ फाइल मी जशाच्या तशा दोन हार्डडिस्कवर ठेवल्या आहेत, एक घरी आणि एक बहिणीकडे मिरजेत. पूर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. बघण्यासाठीच्या प्रती मात्र भाच्यानं एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमनं वेगळ्या काढल्या, पन्नास क्षण राखून. त्याला दोन संध्याकाळी लागल्या आणि फाइलचा आकार कितीतरी कमी झाला.

आता आईपुरतं. पायला रिमोट येत नाही. पण एचडीएमआयमधून टीव्हीचाच रिमोट त्याला चालवू शकतो. त्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी ही सोय चालू करावी लागते, आणि बऱ्याच कंपन्यांनी तिला आपलं वेगळं नाव दिलेलं असतं, तेव्हा जरा शोधा. आई चार बाण आणि मधलं बटण एवढंच वापरते. माझ्याकडे फोल्डरची देवनागरी नावं चौकोन होऊन दिसली. म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये त्या त्या कार्यक्रमाचा एक फोटो ‘फोल्डर’ या इंग्रजी नावानं ठेवला. कोडी तो मुखपृष्ठासारखा दाखवतं. नावं वाचायची गरजच उरली नाही. फेटा बांधलेले अण्णा म्हणजे २००६, शालीतले अण्णा म्हणजे सत्कार. जिथं थांबली तिथूनच पुढे सुरू करायचं का, हेही ते विचारतं; तासाभराच्या टेपला हे फार सोयीचं पडतं.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. पाय ४ ला मायक्रो एचडीएमआयची वायर लागते, घरातली नेहमीची बसत नाही. वायरीविना मी दोन दिवस घालवले. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच वीज मिळते, त्यामुळे माझी पोर्टेबल हार्डडिस्क मधूनच बंद पडायची. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावल्यावर थांबलं. हे सगळं मिळून खर्च सात हजारांच्या घरात गेला. आणि मांडणी करून देणारं कुणी घरात नसेल तर हा प्लेअर सरळ दुकानातून आणून लावण्यासारखा नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

बंद करायचं बटण त्याला नाही, मेनूतूनच बंद करावं लागतं. अचानक वीज गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते. पावसाळ्यात एकदा तसं झालंच. तेव्हापासून तयार कार्डाची दुसरी प्रत टीव्हीखालच्या खणात, औषधांच्या डब्याशेजारी ठेवलीय, आणि ती कशी बदलायची ते आईनं शिकून घेतलंय.